उजव्या इंजिनावरचा बगळा

नाव: गेर्येत टामेन. वय: ६९. राहणार: लेअर जिल्हा, पश्चिम जर्मनी. व्यवसाय: दुकानांच्या पाट्या रंगवणे, सध्या निवृत्त. विशेष पात्रता: युद्धकाळातील जर्मन विमानांवरील विरळा चिन्हांची ओळख पटवणे. या कामी सदर इसमाचा निर्णय आमचे विमान-इतिहास मंडळ अंतिम मानते.

हे यंदाच्या, १९८४च्या अहवालात मंडळाचा चिटणीस म्हणून मीच लिहिलं. विमानाच्या नाकावर छत्रीवालं डुक्कर असो की बूट चावणारा मासा, टामेन भिंग लावून तुकडीचं नाव सांगे. शेपटीवरच्या नाझी चिन्हावर मात्र आम्ही कागद चिकटवायचो. ते ओळखायला तज्ज्ञ लागत नव्हता.

तेरा वर्षांपूर्वी हिल्के उब्बेन ही विधवा त्याच्याकडे फोटो घेऊन आली होती. नवरा ओनो विमानावरचा मेकॅनिक, एप्रिल पंचेचाळीसमध्ये बेपत्ता. फोटोत तो काळा डगला घालून इंजिनाशी उभा, इंजिनावर पांढरा बगळा. हा बगळा दोन तुकड्यांचा. एक तो डाव्या इंजिनावर काढायची, दुसरी उजव्या. फोटोत इंजिन उजवं होतं. त्या तुकडीचं एकच विमान तेव्हा पडलं होतं, आमच्याच दलदलीत. आतले चौघे ओळखू न येण्याइतके जळालेले, गावच्या चर्चमागे निनावी पुरलेले. टामेननं तसं लिहून दिलं, मंडळानं शिक्का मारला, दगडावर ओनोचं नाव कोरलं गेलं. बाई दर रविवारी तिथं जाऊ लागल्या. स्वतःसाठी शेजारची जागाही त्यांनी पाद्रीबुवांकडून कबूल करून घेतली.

यंदा प्रदर्शनासाठी टामेननं तो फोटो पुन्हा काढला. त्याची बायको टेडा, जन्मभर शिवणकाम केलेली, खांद्यावरून डोकावली.

"हा बायकांचा डगला घालून का उभा आहे रे?"

"काय?"

"बटणं बघ. उजवी बाजू वर आलीय."

"एवढं विमान समोर आहे, आणि तुला बटणं दिसली!"

"चाळीस वर्षं तीच लावतेय. तू बस तुझे बगळे मोजत."

टामेननं भिंग उचललं. लग्नाची अंगठीही डाव्या हातात होती. आमच्याकडे ती कोणी डाव्या हातात घालत नाही. फोटो उलटा छापला गेला होता. म्हणजे इंजिन डावं, तुकडी दुसरी. तिची विमानं त्या महिन्यात उत्तर समुद्रावर गेली आणि सापडली नाहीत.

तो चार दिवस जेवला नाही धड. पाचव्या दिवशी उब्बेनबाईंकडे गेला. आमच्याकडे चहाचे तीन कप होईपर्यंत कामाचं बोलत नाहीत. टामेनला ही रीत त्या दिवशी फार सोयीची वाटली.

तिसरा कप ओतताना बाई म्हणाल्या, "टामेन, तोंड असं का पाडलंय? मरायला मी टेकलेय, तुम्ही नाही."

"उब्बेनबाई, तो फोटो..."

"तो तुमच्याकडेच ठेवा. मला आता जागा ठाऊक आहे. सव्वीस वर्षं मला रविवारी जायला कुठं नव्हतं हो."

टामेननं चमचा कपात उभा ठेवला, म्हणजे पुरे, आणि टोपी घेतली.

नोव्हेंबरात बाई गेल्या. त्यांना ठरल्या जागी पुरलं.

शेजारच्या दगडाखाली ओनो उब्बेन नाही.