देसाईकाकांच्या रेकॉर्डींच्या वाट्या

मंडळी, आत्ताच इथल्या सोनागिरी कॉलनीतून, देसाईकाकांच्या वाढदिवसाहून आले, आणि डोकं भणभणतंय.

नोकरीसाठी भोपाळला येण्यापूर्वी काका मुंबईच्या एका क्लबात डिस्कोच्या रेकॉर्डी लावायचे. रेकॉर्ड कंपन्या जाहिरातीसाठी ज्या फुकट पाठवायच्या, त्या त्यांनी आयुष्यभर जपल्या.

आज सुनेने त्या सगळ्या ओव्हनमध्ये तापवून वाट्या केल्या आणि त्यांत चिवडा वाढला.

“वाह भाभी, क्या आइडिया है!” शेजारीण म्हणाली.

काकांनी चिवडा बाजूला सारून तळाचं लेबल वाचलं. “हिच्यावर लोक पहाटेपर्यंत नाचायचे.”

मुलगा हसला. “चला बाबा, एकदाच्या कामाला तर आल्या!”

निघताना सुनेने काकांच्याच हातून प्रत्येकाला एक वाटी भेट द्यायला लावली. “जपून न्या, पडली तर फुटेल,” ते सांगत होते.

मी घेतली. तुम्ही काय केलं असतं?