नाळेतलं रक्त

माझ्या हातून शंभरावर बाळंतपणं झाली. मानोऱ्याकडच्या तांड्यांतूनही मला न्यायला माणसं यायची. माझ्या हाताखाली एकही बाई दगावली नाही, त्यामुळे मला माझ्या हातांचा फार ताठा होता. शिक्षण चौथी, पण डॉक्टरीणबाईसमोर बसले तरी मी मान खाली घालत नसे.

माझ्या नातीला जन्मापासून सिकलसेल, रक्ताचा आजार. हाडं दुखायला लागली की चार-चार दिवस कण्हायची. ती पाच वर्षांची असताना सून पुन्हा गरोदर राहिली. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी पोटातलं बाळ तपासून घेतलं; त्याला हा आजार नव्हता. मग मुलगा, सून आणि मी, तिघांना समोर बसवून त्या म्हणाल्या, "बाळंतपण इथंच करा. कळा सुरू झाल्या की लगेच निघा. नाळेत जे रक्त उरतं त्यात मूळ पेशी असतात, नवं रक्त तयार करणाऱ्या. त्या बहिणीशी जुळल्या तर तिला देता येतील. तिचा आजार जाऊ शकतो."

मी विचारलं, "आन त्या लेकराले कमी पडलं त?"

"नाही पडत, आजी."

"वार कुठी फेकता तुमी?"

"तुम्हालाच देऊ, घरी नेऊन पुरा. मला फक्त रक्त हवंय," असं म्हणून त्या हसल्या.

मला ते हसणं आवडलं नाही. आम्ही बाळामागून येणारी वार पडेपर्यंत नाळ कापत नाही. नाळेतलं रक्त बोटांनी बाळाकडे सारायचं आणि नाळ पांढरी पडली की मग कापायची. तो बाळाचा पहिला घास, असं मला माझ्या सासूनं शिकवलं होतं. शिवाय खरं सांगायचं तर, पोटात पोरगा असावा अशी माझी इच्छा होती. होणाऱ्या पोराच्या तोंडचं काढून आजारी पोरीला द्यायचं, मला ते असंच दिसत होतं.

दिवस भरायला तीन आठवडे बाकी असताना एका सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. मी पोटावर हात ठेवला. कळा खऱ्या होत्या. दुपारच्या आत बाळ होत नाही, हेही हाताला समजलं. अकोल्याला पोचायला भरपूर वेळ होता.

मुलगा म्हणाला, "माय, जीप बलावतो."

"कायले? खोट्या कळा हायेत. जिऱ्याचं पानी दे तिले."

"पन बाईनं सांगतलं होतं ना..."

"सुईन मी हाये का तू? जाय, म्हशीले पानी दाखव."

तो गेला. सून माझ्याकडे बघत राहिली.

दिवस कलायच्या आधी पोरगा झाला. मी नाळेतलं सगळं रक्त त्याच्याकडे सारलं. वारेला हळदकुंकू लावून ती न्हाणीमागे पुरली. मी खुशीत होते. डॉक्टरीणबाई फोनवर रागावल्या नाहीत. आता बाळ थोडं मोठं होऊ द्या, मग त्याच्या हाडाच्या मगजातून पेशी घेऊ, म्हणाल्या. पुढे तपासलं तर भावाच्या पेशी बहिणीशी पूर्ण जुळल्या. तेव्हाही मला वाटलं, काय बिघडलं? जरा उशिरा होईल एवढंच.

पोरगा दीड वर्षाचा असताना, एका सकाळी नात चहात पोळी बुडवून खात होती. पोळी हातातून गळून पडली आणि तोंड वाकडं झालं. त्याच आजारानं मेंदूकडे जाणारं रक्त अडून उजवी बाजू लुळी पडली होती. पाय हळूहळू सुधारला. उजवा हात सुधारला नाही.

त्यानंतर भावाच्या पेशी दिल्या. ती कित्येक दिवस एका बंद खोलीत होती, केस सगळे गेले, पण नवं रक्त तयार झालं. आता हाडं दुखत नाहीत. हाताची बोटं मात्र मिटलेलीच आहेत. नाळेचं रक्त घेतलं असतं तर हात वाचला असता का, असं मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "नक्की सांगता येत नाही, आजी. कधी कधी ते पुरत नाही. पण पुरलं असतं, तर हे आपल्याला आधीच करता आलं असतं."

गेल्या उन्हाळ्यात ओसरीवर बसून मी नातीच्या हाताला तेल चोळत होते. ती उठून खेळायला गेली तशी सून म्हणाली, "आत्याबाई, त्या दिवशी कळा खऱ्या होत्या ना?"

"हो."

"मलेही समजत होत्या. माहं दुसरं बाळंतपन होतं ते. पन तुमी म्हटलं खोट्या, त मी म्हटलं, आत्याबाईले जास्त समजते."

तिनं तेलाची वाटी उचलून आत नेली. आता नातीच्या हाताला तेल तीच लावते. मी मागत नाही.

मुलाला तिनं सांगितलेलं नाही. मीही नाही.