पडद्याकडे पाठ

चंद्रप्रभाबाईंनी चन्नबसप्पांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते पडद्याकडे पाठ करून उभे होते.

सत्त्याऐंशी सालचा जुलै महिना. बाई मूळच्या नांदेडच्या. लातूरला जिल्हा परिषदेच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायला येऊन त्यांना जेमतेम तीन आठवडे झाले होते. शनिवारी शाळा अर्धा दिवस. चित्रकलेच्या उज्वलाबाई म्हणाल्या, "खोलीवर जाऊन भिंतीकडं काय बघत बसायलीस? चल, मनोरमाला तीनचा शो गाठू."

मनोरमा टॉकीज गंजगोलाईच्या बाजारपेठेपासून चालत दहा मिनिटांवर होती. बायकांची रांग सगळ्यात मागे, उजव्या हाताला, शेवटच्या दाराला लागून. पडद्यावर नायकाची आई गोळी लागून पडली होती आणि मरता मरता बरंच काही सांगत होती. सगळं थेटर मुसमुसत होतं. उज्वलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. आणि दारापाशी एक उंच माणूस, अंगात खाकी सदरा, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, हातात विझवलेली बॅटरी, निवांत लोकांकडे पाहत होता. ज्वारी काढणीला आली का, हे बांधावर उभं राहून पाहावं, तसा.

शो सुटल्यावर दोघी पायरीवर उभ्या राहून खारे दाणे खात बोलत होत्या. सिनेमा पाहिल्यावर त्याला शंभरापैकी मार्क द्यायची चंद्रप्रभाबाईंची कॉलेजपासूनची सवय. पस्तीसला पास.

"बाहत्तर," त्या म्हणाल्या. "आईनं जीव ओतला."

"साड्या तर काय एकेक होत्या," उज्वलाबाई म्हणाल्या. त्यांचं मत बहुतेक साड्यांवरच ठरायचं.

मागे दाराला कडी घालणारा तो उंच माणूस सहज म्हणाला, "दोन आठवडे चालंल, बाई. जास्त न्हाई."

"का बरं? सगळे रडत तर होते."

"रडली की. पर रडता रडता सतरा माणसं घड्याळ बघत होती. आई लई येळ मरायली हुती."

"तुम्ही बघता तरी का पिक्चर? पडद्याकडं पाठ करून तर उभे होतात."

"बघतो की. तुमच्या तोंडावर बघतो."

सिनेमा पंधराव्या दिवशी उतरला.

त्यानंतर शनिवारचा हा पायरीवरचा दरबार सहा वर्षं चालला. बाई मार्क द्यायच्या, उज्वलाबाई साड्या तपासायच्या आणि चन्नबसप्पा शेवटी, अगदी थोडक्यात, निकाल सांगायचे. ते देवणीकडचे, सीमेवरच्या खेड्यातले. घरात अर्धी कानडी. शाळा चौथीपर्यंत. पण कोणत्या गाण्याला किती माणसं बिडी प्यायला बाहेर गेली, कोणत्या विनोदावर फक्त पुढच्या रांगा हसल्या आणि कोणत्या विनोदावर मागच्याही, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असे. नट कोण, दिग्दर्शक कोण, याचा त्यांना पत्ता नसायचा. एकदा बाईंनी एका सिनेमाला अठ्ठावीस मार्क देऊन नापास केलं. चन्नबसप्पा म्हणाले, "तुमचं बरोबरच असंल. पर तो म्हातारा एकटाच जेवायला बसतो ना, तवा पुढं एक हमाल दाणे खात होता. त्याचा हात पुडीतच ऱ्हायला. सीन संपस्तोर."

बाईंनी हातातल्या पुडीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चाळीस."

"अभ्यास न करता पास करायल्यात बगा बाई," चन्नबसप्पा उज्वलाबाईंना म्हणाले.

त्र्याण्णव सालच्या सप्टेंबरच्या शेवटच्या पहाटे, गणपती बोळवून गाव झोपलेलं असताना, भूकंप झाला. किल्लारीकडची गावं गेली. लातूर शहर राहिलं, पण शहरातली माणसं घरात राहीनात. अंगणात, मैदानात, रस्त्याच्या कडेला अंथरुणं पडू लागली. बाईंच्या खोलीत चौकटीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत एक बारीक तडा गेला होता, एवढंच. पण शाळेतून गोळा केलेले कपडे घेऊन त्या दोनदा गावांकडे जाऊन आल्या. तिथे काय पाहिलं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. परत आल्यावर मात्र त्यांना छताखाली बसवेना. शाळा लिंबाखाली भरत होती तोवर कुणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळीची सुट्टी संपली की वर्ग आत भरणार होते.

नांदेडहून भाऊ अंबरीश आला. "ताई, बदली माग. इकडं घर आहे आपलं."

बाईंनी बदलीचा अर्ज लिहिला. मुदत एकतीस जानेवारीची होती. लातूर सोडायचं म्हणजे स्वतःच्या बळावर उभं केलेलं सगळं सोडायचं, दहावीच्या मुली वर्षाच्या मध्यात टाकून जायच्या आणि भावाच्या घरी परत पाहुणं व्हायचं. अर्ज त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला. सुट्टी संपल्यावर त्या वर्ग घ्यायच्या त्या दाराच्या उंबऱ्यात उभं राहून. मुलींना वाटायचं, बाई व्हरांड्यावर लक्ष ठेवायल्यात.

दिवाळीनंतर मनोरमा उघडली. पहिल्या शोला अकरा माणसं आली आणि मध्यंतरापर्यंत चार उरली. वर पत्रे, त्यांच्या खाली लाकडी छत; पडद्यावर घोडे दौडले तरी लोक वर बघायचे. मालक किशनराव कंटाळले. शहरात तेव्हा शिकवण्यांचं वारं वाहू लागलं होतं आणि एक क्लासवाले सर एवढा मोठा हॉल भाड्यानं मागत होते.

चन्नबसप्पा मालकांना म्हणाले, "मालक, उन्हाळ्यापस्तोर येळ द्या. तवर मी लोकं बसवून दाखवतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी थेटरची आठही दारं सताड उघडली. डाव्या हाताची चार, उजव्या हाताची चार. दारांवरचे पडदे गुंडाळून वर बांधले. दुपारच्या उजेडात पडद्यावरची माणसं ताकासारखी पातळ दिसायची. मारामारी चालू असताना रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू यायचा. पण लोक बसले. सिनेमासाठी नव्हे, तर तीन तास चार माणसांत बसायला मिळतं म्हणून बसले. शो सुटल्यावर पायरीवर ज्या गप्पा चालायच्या, त्या लातुरात ना आधी कधी झाल्या ना नंतर.

"कसा होता हो?"

"दिसला न्हाई. पर बरा होता."

"हिरोईन कोण हाय?"

"कोण की. आवाज गोड हाय तिचा."

त्यातल्या एका शनिवारी उज्वलाबाईंनी चंद्रप्रभाबाईंना ओढत आणलं. बाई शेवटच्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "माझं डोकं दुखतंय, तू बस." पुढच्या शनिवारी वह्या तपासायच्या राहिल्या होत्या. तिसऱ्या शनिवारी त्या काही सांगायच्या आत चन्नबसप्पांनी बायकांच्या रांगेतली कडेची खुर्ची उचलली आणि आठव्या दाराच्या उंबऱ्याला लावून ठेवली, अर्धी आत, अर्धी बाहेर.

"हितं बसा. वर बगायचं काम न्हाई, तुमच्या डोक्यावर आभाळच हाय."

बाई बसल्या. दारातून येणारं ऊन पाठीवर घेऊन त्यांनी तो सिनेमा पाहिला. पाहिला म्हणजे त्या दारात बसल्या होत्या. मार्क विचारले तेव्हा म्हणाल्या, "गैरहजर."

मग त्यांच्या लक्षात आलं की दारं कमी होत चालली आहेत. आधी डावीकडचं पुढचं दार बंद झालं. आठवडाभरानं त्याच्या शेजारचं. पडद्यावर माणसांना रंग येऊ लागले.

"कोणतं दार लावायचं, ते कसं ठरवता?" बाईंनी विचारलं.

"लोकं पिक्चर बगतेत का दार, तेवढंच बगतो मी. ज्या दाराकडं तीन दिवस कुणी वळून बगितलं न्हाई, ते लावायचं."

"आणि बघितलं तर?"

"तर ऱ्हाऊ द्यायचं. दाराला काय खायला लागतंय?"

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सात दारं बंद झाली होती. थेटर पाऊण भरत होतं. फक्त आठवं दार उघडं होतं आणि बाईंची खुर्ची तिथेच, अर्धी आत, अर्धी बाहेर. त्या दारातून उजेडाचा एक पट्टा सरळ पडद्याच्या डाव्या कोपऱ्यावर पडायचा. खलनायक नेमका त्या कोपऱ्यात उभा राहिला की निम्मा पुसला जायचा.

"ओ, दार लावा की," लोक ओरडू लागले.

"कडी तुटली हाय," चन्नबसप्पा म्हणायचे.

"मग बसवा की दुसरी. का नागपूरहून मागवायलात?"

"मागवली हाय. येऊन राहिली."

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. एक जण चिडून म्हणाला, "आमचे पैसे घेऊन कुणाला उजेड दाखवायलात?" चन्नबसप्पा नुसते हसले. बाईंच्या हाताला दाराची कडी लागत होती. चांगली जाड, लोखंडी कडी होती. कुठेही तुटलेली नव्हती.

तो दिवस बावीस जानेवारीचा. पर्समध्ये अर्ज होता. पुढच्या शनिवारपर्यंत तो पोस्टात टाकायला हवा होता. बाई त्या कडीकडे पाहत बसल्या. साडेतीनशे माणसांची बोलणी हा माणूस दोन आठवडे का खातो आहे, हे त्यांना कळलं. त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्याला सांगावं लागलं नव्हतं.

मध्यंतर झालं. लोक चहा पिऊन परत आले. बाई उठल्या, खुर्ची आत ओढली आणि दार लावलं. कडी मात्र घातली नाही. अंधार झाला. वर पाहायचं नाही असं ठरवूनही त्यांनी वर पाहिलं. काहीच दिसलं नाही. तेवढ्यात जमिनीवर, त्यांच्या पायांजवळ, उजेडाचा एक गोल पडला. बाजूला चन्नबसप्पा बॅटरी खाली धरून उभे होते. बॅटरीचा उजेड दाराच्या खालच्या फटीपर्यंत पोचत होता, म्हणजे दार कुठे आहे ते दिसत होतं. त्यांनी ती बॅटरी दीड तास तशीच धरली. शेवटी शेवटी सेल संपत येऊन उजेड पिवळा पडला, पण हलला नाही. लोक त्या दिवशी निवांत सिनेमा बघत होते आणि चन्नबसप्पांनी मात्र पहिल्यांदाच लोकांकडे पाहिलं नाही.

शो सुटल्यावर उज्वलाबाईंनी पायरीवर विचारलं, "किती?"

"मी कुठं बघितला? मी बॅटरी बघत होते," बाई म्हणाल्या.

चन्नबसप्पा दारं उघडत होते. ते म्हणाले, "पस्तीस लिवा. काठावर पास."

सोमवारी चंद्रप्रभाबाई दहावीच्या वर्गात फळ्यापर्यंत गेल्या आणि नकाशा लावून नद्या शिकवल्या. मधल्या सुट्टीत पर्समधला अर्ज काढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सहामाहीच्या मार्कांची बेरीज केली. एकतीस तारीख आली आणि गेली.

मार्चमध्ये त्यांना मनोरमाच्या सायकल स्टँडवाल्या सिद्धलिंगकडून कळलं की चन्नबसप्पा स्वतः अजून घरात झोपत नाहीत. त्यांची बहीण निलंग्याकडच्या खेड्यात असायची. ती त्या पहाटे गेली होती. थंडीभर ते सायकल स्टँडच्या मोकळ्यात घोंगडी टाकत होते. बाईंना हे कळलं त्या शनिवारी त्यांनी पायरीवर काही विचारलं नाही. फक्त घरून आणलेली धपाटी त्यांच्या हातात दिली. चन्नबसप्पांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सिद्धलिंगाच्या पोटात काय ऱ्हात न्हाई बगा." मग धपाटी घेतली.

मनोरमा आणखी दहा वर्षं चालली. तोवर शहर बदललं होतं. जळकोट, भोकर, कुठकुठची मुलं ट्रंका घेऊन यायची, सगळे रस्ते क्लासच्या बोर्डांनी भरले. किशनराव गेल्यावर मुलानं हॉल क्लासलाच दिला. पडद्याच्या जागी पांढरा फळा आला. चन्नबसप्पा दारावर तसेच राहिले, फळ्याकडे पाठ करून. क्लासचे सर, विरूपाक्ष सर, हुशार माणूस. तास संपला की ते चन्नबसप्पांना विचारायचे, "कसा झाला?"

"पयला अर्धा तास झ्याक. मग त्या तिसऱ्या गणिताला मागच्या चार रांगा वहीत बगू लागल्या. लिवत नव्हत्या."

सर दुसऱ्या दिवशी ते गणित पुन्हा घ्यायचे. आणि एखादं पोर सारखं दाराकडे बघत असेल, तर चन्नबसप्पा ते सरांना वेगळं सांगायचे. नाव माहीत नसायचं. "पाचवी रांग, निळा सदरा" एवढंच. सर त्या मुलाला बोलावून, जवळ बसवून, घरी फोन लावून द्यायचे. अशी किती मुलं झाली, ते चन्नबसप्पांनी कधी मोजलं नाही.

चंद्रप्रभाबाई दोन हजार वीस साली निवृत्त झाल्या. लातूर त्यांनी सोडलं नाही. उज्वलाबाईंबरोबर त्या आजही शनिवारी सिनेमाला जातात, आता मॉलमध्ये, सरकत्या जिन्यानं. संध्याकाळी देवणीला फोन लावून सिनेमा सांगतात, मार्क सांगतात. चन्नबसप्पा सगळं ऐकून घेतात आणि विचारतात, "ते ऱ्हाऊ द्या. लोकं काय करत होती?" हल्ली बाई त्यासाठी मध्ये मध्ये मागे वळून बघतात.

चन्नबसप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. देवणीला धाकट्या मुलाकडे राहतात, गेल्या वर्षी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, आणि पहिल्या पाटीपासून शेवटपर्यंत असा एकही सिनेमा त्यांनी अजून पाहिलेला नाही.