दोरीवरचा आटलेला स्वेटर

दर रविवारी सकाळी वत्सलाकाकू आपल्या अंगणातल्या दोरीवर एक स्वेटर टांगायच्या. पिवळा, लोकरीचा, मांजराच्या पिल्लालाही घट्ट होईल एवढासा. दोन चिमटे लावून त्याची पुढची बाजू त्या समोरच्या क्वार्टरकडे वळवायच्या आणि दारात खुर्ची टाकून चहा प्यायला बसायच्या. समोर नलिनीवहिनी राहायच्या. रविवारी त्यांची खिडकी दुपारपर्यंत उघडत नसे.

खरं तर लोकरीचं कापड दोरीवर टांगणं काकूंच्या लेखी गुन्हाच होता. ‘लोकर लोंबते वं, तिले खाटेवर निजवावं लागते,’ असं त्या आम्हा सगळ्या बायकांना बजावत. मग हा एकटा दोरीवर का, असं कुणी विचारलं तर म्हणत, ‘याचं आता काय बिघडाचं राह्यलं?’

काकू मूळच्या भंडाऱ्याकडच्या. काका पोलादाच्या प्लांटमध्ये होते. मूलबाळ नव्हतं. पण भिलाईच्या आमच्या गल्लीत जन्मलेलं प्रत्येक मराठी बाळ पहिल्यांदा काकूंच्या पेटीतलं झबलं घालायचं. बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालायचं नाही, आधीच्या बाळाचं धुऊन धुऊन मऊ झालेलंच घालायचं, ही आमच्या विदर्भातल्या घरांची रीत. ती पेटी काकूंकडे. मलमलीची झबली, सुती दुपटी, कुंच्या, सगळं कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेलं. कुणाकडे बाळ आलं की त्या बोचकं बांधून स्वतः पोचवायच्या.

धुणं मात्र कुणाच्या हाती देत नसत. सुपेल्याच्या बाजारातून आणलेले रिठे भिजवायच्या आणि कापड फेसात नुसतं दाबायच्या, पिळायच्या नाहीत. वाळत घालण्याआधी आभाळ नाही, धुराडी बघायच्या. ‘आज वारा प्लांटकडून येऊन राह्यला. काळी भुकटी पडते. लेकरायचे कपडे बाहेर नोको.’ आणि तिसऱ्यांदा खळबळून झालं की ते शेवटचं पाणी बोटाने जिभेला लावायच्या. बेचव लागलं तरच कापड वाळत पडायचं. ‘आपल्या जिभेले जे लागते, ते लेकराच्या आंगाले लागते,’ हा त्यांचा हिशेब.

मी लग्न होऊन या गल्लीत आले त्या हिवाळ्यात नलिनीवहिनींचा बंटी वर्षाचा होता. काकूंनी त्याच्यासाठी पिवळा स्वेटर विणला, पेटीतली काही झबलीही दिली. आमचं क्वार्टर वहिनींना लागून, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं मागचं अंगण दिसायचं. एका सकाळी मी पाहिलं, वहिनींनी बादलीत रॉड लावून पाणी उकळलं, त्यात मूठभर सोडा टाकला आणि झबल्यांसकट स्वेटर त्यात लोटला. दांडक्याने ढवळला, एकदाच बुचकळला आणि वाळत घातला. दोन दिवसांनी बंटीच्या अंगावर लाल चट्टे उठले आणि स्वेटर एवढासा झाला.

संक्रांतीच्या हळदीकुंकवात, भरल्या घरात, तो आटलेला स्वेटर काकूंच्या पुढ्यात टाकून नलिनीवहिनी म्हणाल्या, “जिले सोताचं लेकरू नाही, तिच्या हातचा कपडा लेकराले घालाचा कायले?”

काकूंनी हातातलं वाण खाली ठेवलं, स्वेटर उचलला आणि त्या घरी गेल्या. मी तिथेच बसले होते. खरं मला माहीत होतं. पण मी नवी सून, नलिनीवहिनी सासूबाईंच्या जिवलग. मी तिळगूळ खात राहिले.

त्या दिवसापासून पेटी उघडली नाही. पुढच्या वर्षी माझा मुलगा झाला. सासूबाईंनी त्याच्यासाठी बाजारातून चकचकीत नायलॉनचे कपडे आणले. घामोळ्यांनी पोर रात्रंदिवस रडायचं, आणि समोर दर रविवारी तो स्वेटर वाळत असायचा.

पंचवीसेक वर्षं काकूंनी एक रविवार चुकवला नाही. काका गेले त्या आठवड्यातही नाही. मला वाटायचं, म्हातारीला दुसरा उद्योग नाही. पण त्या वाट बघत होत्या.

बंटीचं लग्न झालं, मुलगी झाली. दुकानी कपड्यांनी तिचं अंग सोलवटलं. डॉक्टर म्हणाले, जुनं मऊ सुती कापडच घाला. बंटीची बायको पलीकडच्या जुनवानी गावची, तिला मागचं काही ठाऊक नाही. ती सरळ काकूंच्या दारात गेली. काकू म्हणाल्या, “देतो ना बेटा. सासूले पाठव.”

नलिनीवहिनी आल्या तो रविवारच होता. काकूंनी आधीच गल्लीतल्या बायकांना चहाला बोलावलं होतं. नळाखाली घमेलं, रिठ्याचं पाणी, शेजारी झबल्यांचं बोचकं. काकू खुर्चीवर.

“पहिले सांग,” काकू म्हणाल्या. “हा सुटर कायनं आटला?”

वहिनींनी आमच्याकडे पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही. मीही नाही.

“मीच उकळत्या पाण्यात टाकला होता,” वहिनी पुटपुटल्या.

“जोरानं सांग. त्या दिवशी जोरानं बोलली होती.”

त्यांनी जोराने सांगितलं. मग काकूंनी त्यांना पाटावर बसवलं. थंडीचे दिवस, नळाचं पाणी बर्फासारखं. “दाब. पिळू नोको. नलू, पिळू नोको म्हनलं न!” बोटं लाल झाली तरी तीनदा खळबळायला लावलं. शेवटी म्हणाल्या, “आता चाख.” साठीकडे झुकलेल्या बाईने सगळ्या गल्लीदेखत धुण्याचं पाणी जिभेला लावलं. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. माझ्या लेकाच्या घामोळ्यांचाही वचपा निघाला, असं वाटलं.

सगळ्या गेल्यावर मी कपबश्या विसळत होते. काकू शांतपणे म्हणाल्या, “अन् तू वं? तुह्या खिडकीतून तिचं आंगण दिसते. तू पाह्यलं होतं न?”

मी विसळलेलीच बशी पुन्हा विसळायला घेतली.

“मले तवाच समजलं होतं,” त्या म्हणाल्या. “तू तिळगूळ खात होती.”

मागच्या श्रावणात काकू गेल्या. शेवटच्या आठवड्यात मी उशाशी बसले होते. पेटी मला देऊन त्या म्हणाल्या, “कपडे वाटत जाजो. अन् सुटर दर आइतवारी टांगत जाजो.”

“नलिनीवहिनींच्या खिडकीकडेच ना?” मी विचारलं.

“तिचं झालं. तिनं सांगितलं, तिनं धुतलं.” काकूंनी डोळे मिटले. “आता तुह्या खिडकीकडं.”

आज रविवार आहे. वारा प्लांटकडून येतोय, झबली मी घरातच वाळत घातली आहेत. स्वेटर मात्र आमच्या मागच्या अंगणातल्या दोरीवर आहे, पुढची बाजू माझ्या स्वयंपाकघराकडे. पोळ्या करताना मान वर केली की तोच दिसतो.