चोवीस डोळ्यांची वाढ

कर्जतच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तराने माझ्या आईची विद्या चोरली. तीही त्याला धड चोरता आली नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी एकोणीस वर्षांची. आई पोशीरला नदीकाठी बसून जाळी विणायची, मी मासळी विकायचे. मास्तर वही घेऊन आला. गोल फेकजाळं कसं विणतात ते त्याला पाहायचं होतं. आईने मधल्या टोकाला चोवीस डोळे, म्हणजे जाळ्याची भोकं, घातले, चार फेऱ्या विणल्या, मग चोवीस डोळे वाढवले. अठ्ठेचाळीस झाले. मास्तर लगेच उठला.

"कळलं. दर वेळी दुप्पट."

"दुप्पट नाय वो मास्तर. दर वाढीला चोवीसच. पुढली वाढ बघून जावा."

"तुला पाढे तरी येतात का गं?" हसत निघून गेला.

महिन्याने निरोप आला. कर्जतला गणित शिक्षकांची सभा आहे, जाळं घेऊन या. आम्हाला वाटलं, मान आहे. जाळं फळ्याशेजारी टांगलं. आम्हाला चपलांपाशी बसवलं. मास्तराने फळ्यावर आकडे लिहिले. चोवीस. अठ्ठेचाळीस. शहाण्णव.

म्हणाला, "या बायांच्या हाताला सवय असते, डोक्यात गणित नसतं. ते मी शोधून काढलं."

टाळ्या. कोटवाल्यांच्या, पदवीवाल्यांच्या. आईने मान खाली घातली. ती मान पाहून माझं डोकं फिरलं. उभी राहिले.

"शहाण्णव नाय, बहात्तर! तुमच्या आकड्यानं विणलं तर झालर व्हईल, जाळं नाय. चुण्या पडून गोळा व्हईल. पाण्यात उघडायचंच नाय."

"खाली बस गं," अध्यक्ष म्हणाले.

"जाळं समोर टांगलंय. मोजा ना डोळे!"

खोलीभर शिकलेली माणसं. एकही उठला नाही. मोजायला घाबरणारे गणिती मी त्या दिवशी पाहिले.

मास्तर हळूच म्हणाला, "जाळं राहू दे. शाळेला लागेल."

मी जाळं खुंटीवरून काढलं, खांद्यावर टाकलं. "आई, ऊठ."

पुढे त्याचा लेख छापून आला. त्याच्या नावाने, शहाण्णवासकट.

आज खोपोलीत माझं स्वतःचं जाळ्यांचं दुकान आहे. दिवसभर घासाघीस करते. या बाबतीत करणार नाही. मास्तर, तो आकडा खोडा. बहात्तर लिहा, आणि शेजारी माझ्या आईचं नाव लिहा. टाळ्या वाजवणाऱ्यांनो, तुम्हीही सुटला नाहीत. हाताच्या अंतरावर जाळं होतं. तुमच्यातला एकही मोजायला का उठला नाही? उत्तर द्या.