चाखून झालंय माझं

मोहने गावच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा बाबांना साधा चहाही करता येत नव्हता. पुढची दिवाळी झाली आणि त्यांनी आईचं पाककृतींचं जुनं पुस्तक कपाटातून काढलं. रोज अंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, तिथेच पाटावर बसून ते मोठ्याने वाचायचे. "मंद आचेवर, तेल सुटेपर्यंत." एवढं वाचून डोळे मिटून थांबायचे.

आई म्हणायची, "अहो, पोथी आहे का ती?"

"पोथीत माझं मन कधी एवढं लागलं नाही," ते म्हणायचे.

मग ते करायलाही लागले. मी ऑफिसातून ठाकुर्लीला पोचायची तेव्हा जिन्यातच फोडणीचा वास यायचा. भरीत, डाळिंब्यांची उसळ, भरली कारली. आम्हा दोघींना वाढून ते समोर बसायचे आणि आमचा पहिला घास असा बघायचे की मला संकोच व्हायचा.

"बाबा, तुम्ही?"

"चाखून झालंय माझं. मागाहून बसतो."

आमच्या घरातले ते सगळ्यात सुखाचे महिने होते.

हळूहळू ते आमच्याबरोबर बसायला लागले, पण पदार्थ बदलले. कढी, सार, मऊ भात, शेवटी नुसती पेज. "उन्हाळ्यात पातळच बरं," आई म्हणाली. बाबांचा पट्टा सैल झालेला. जेवणानंतर बेसिनपाशी नळ सोडून ते बराच वेळ उभे राहायचे. मी पाहिलेलं. विचारलं नाही.

मे महिन्यात एका रविवारी मी तांदळाची भाकरी केली, तूप लावलं आणि तुकडा मोडून त्यांच्या तोंडापाशी नेला. "आज माझ्या हातचं."

त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, मग तोंड उघडलं. खूप वेळ चावत राहिले. गिळला तसा त्यांचा हात छातीवर गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि घास जसाच्या तसा परत आला.

"कधीपासून होतंय हे?" मी विचारलं.

"दिवाळीपासून."

आई म्हणाली, "आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही दोघी माझ्यासमोर जेवला नसतात. वास येतो, जिभेला चव कळते. मला तेवढं पुरत होतं गं."

ठाण्याच्या हॉस्पिटलात घशातून दुर्बीण घालून तपासलं. डॉक्टर बाबांशी मराठीत बोलत होते, माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलायला लागले. अन्ननलिकेत गाठ होती. गाठीच्या तुकड्याचा रिपोर्टही भीती होती तसाच आला. जेवणासाठी पोटाला नळी बसवायची ठरली.

नळी बसवायच्या आदल्या दिवशी बाबांनी कैऱ्या आणायला लावल्या. विळीवर बसून स्वतः फोडी केल्या, मोहरी फेसली, फोडणी पूर्ण गार होईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. एक लहानशी बरणी भरली.

"एवढंच?" आईने विचारलं. "वर्षाचं घालतो ना आपण?"

"दोघींना पुरेल," बाबा म्हणाले.

आई आत निघून गेली. बरणीला फडकं मी बांधलं.