मेंदीचा हिरवा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी चौकातल्या दुकानात भट्टीपुढं बसलो होतो. त्यांची मुलगी, सुधाताई, पुण्याहून येऊन दवाखान्यात त्यांच्याजवळ होत्या. "संपत, नाना गेले रे…" एवढंच बोलल्या. भट्टी बंद केली, हात धुतले, आणि पुढं काय करायचं ते सुचेना. महिना होत आला, अजून नीट सुचत नाही.

मी आटपाडीकडचा. नववीत शाळा सोडली आणि मामाबरोबर सोनं गाळायच्या कामाला बनारसला आलो. बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत नानांकडे भाड्यानं खोली मिळाली. नाना शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीतलं. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरायचे. सुरुवातीला घरच्या आठवणीनं मला घास गिळवत नव्हता, तेव्हा त्यांनी खाली बोलावून पिठलं-भात वाढला. कुणाचा कोण मी… ते विसरणं नाही.

काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. नानांना तरुणपणी फोटोंचा नाद, कपाटात स्लाइडींचे डबेच्या डबे. काचबिंदूनं नजर जात चालली, हात थरथरायला लागले, तेव्हा म्हणाले, "संपत, हे सगळं कॅमेऱ्यात उतरवू. दिसतंय तोवर." मी म्हटलं, एखादी खराब झाली तर? "सोनं वितळवतोस आणि बटण दाबायला घाबरतोस?" मग खोक्यात बल्ब, वर दुधी काच, काचेवर स्लाइड, आणि स्टँडवर खाली तोंड केलेला, लॅपटॉपला जोडलेला कॅमेरा. बोटाच्या धक्क्यानं हलू नये म्हणून टायमर. रविवारी दुपारी पडदे ओढून बसायचो. एकदा मी काकूंची स्लाइड उलटी ठेवली. लॅपटॉपला नाक टेकवून नाना म्हणाले, "अरे, हिचा पदर उजव्या खांद्यावर? गुजराथीण केलीस की हिला." आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

पावसाळा सरता सरता त्यांना लॅपटॉपवर नुसता उजेड दिसायला लागला. आणि नेमकी तेव्हाच ती स्लाइड निघाली. राजा घाटाच्या पायरीवर काकू, मागं वळून बघणाऱ्या. रंग उडून सगळं लालसर झालेलं.

"साडी कसली आहे?"

"विटकरी दिसते, नाना."

"छे, हिरवी. लग्नानंतरची पहिली, मी निवडलेली. ती हिरवी झाल्याशिवाय पुढची स्लाइड घ्यायची नाही."

मग मी लॅपटॉपवर रंग थोडा थोडा सरकवायचा आणि तोंडानं सांगायचं. पोपटी झाली, नाना. "नहीं, इतनी नहीं. गडद." कडुनिंबासारखी? "त्याहून. मेंदी भिजवल्यावर वाटीत असते ना, तशी…" डोळे मिटून ऐकायचे. ते 'बस' म्हणाले की मी थांबणार होतो. शेवटी म्हणाले, "जवळ आलास. आता राहू दे, पुढच्या रविवारी." तो रविवार दवाखान्यात गेला.

ताईंना साडीच्या रंगाचं विचारलं. "मी तेव्हा जन्मलेही नव्हते रे. तुला वाटेल तो ठेव." मला काय वाटणार? काकूंना मी कधी पाहिलंच नाही. शेवटी मेंदी आणून वाटीत भिजवली, लॅपटॉपशेजारी ठेवली. तर थोड्या वेळात वरचा थर तपकिरी, बोट घातलं की खाली हिरवी. यातला नानांचा रंग कुठला…

रविवारी पडदे ओढतो, रंग किंचित सरकवतो आणि मोठ्यानं सांगतो, "आता गडद झाली, नाना." मग जरा वेळ काही हलवत नाही.